कोकराची माय

संडे स्कूलच्या बाई वर्गात आल्या की आधी बाकावर बसत, पायातल्या चपला काढत आणि मग म्हणत, "बोला." आठवडाभर जालन्याच्या शाळेत ओरडून घसा बसलेला, त्यात रविवारी आम्ही.

'चूक' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. मासा, द्राक्षवेल, दिवा अशी चित्रं दाखवून त्या अर्थ विचारायच्या आणि आम्ही दहावीतली पोरं वाट्टेल ते ठोकून द्यायचो. "दिवा म्हंजी लाईट गेल्यावरचा देव," असं एकानं सांगितलं, तेव्हाही त्या डोळे मिटून म्हणाल्या, "बरं. अजून?"

खरी परीक्षा चर्चचे पाळकसाहेब घेत. उत्तरं धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली आली तरच दृढीकरण, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होणं, आणि ते झालं तरच उपासनेत प्रभुभोजनाची भाकर. आमच्या वर्गातल्या रेखाला त्या भाकरीची फार ओढ होती. तिचं घर भोकरदनकडचं, मेंढरं राखणारं. आई पुढे जाऊन भाकर घेई आणि ही एकटी बाकावर बसून राही.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. मेंढपाळ आणि त्याच्या खांद्यावर कोकरू. पुस्तकात अर्थ होता, हरवलेला पापी. रेखा म्हणाली, "हरवलेलं न्हाई साहेब. कळप चालून राह्यला अन् मधीच मेंढी व्याली, तर कोकरू असं खांद्यावर घेत्यात. पर त्याची माय मागं पायजे. ती कुठंय?"

साहेब हसले नाहीत. रेखाचं दृढीकरण त्या वर्षी राहिलं.

नाताळात सगळे भाकर घ्यायला उठले. नेहमी पहिल्या असणाऱ्या बाई रेखाशेजारी बसूनच राहिल्या. साहेबांनी नजरेनंच विचारलं. "पाय दुखतात," बाई म्हणाल्या. पाय तर त्यांचे रोजच दुखत.

पुढच्या वर्षी मात्र बाईंनीच तिच्याकडून पुस्तकातलं उत्तर घोकून घेतलं. "हे साहेबांसाठी. तुझं तुझ्यापाशी राहू दे," एवढंच म्हणाल्या. रेखानं ते घडाघडा म्हटलं आणि नाताळात ती आईशेजारी उभी राहिली. मला आनंद झाला. बाई मात्र त्या दिवशी फार थकलेल्या दिसल्या.

काही वर्षांनी बाई वारल्या. आता वर्ग माझ्याकडे आहे. मीही आठवडाभराची दमलेली असते, आल्या आल्या बसते. चित्र तेच आहे, रंग उडालेत. पोरं एका सुरात सांगतात, "हरवलेला पापी, मॅडम." मी म्हणते, "बरं. अजून?" पोरं पुन्हा तेच म्हणतात. अशा वेळी बाईंची फार आठवण येते. मग मी मेंढपाळाच्या मागच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवते आणि विचारते, "याची माय कुठंय?"