उद्या लेकीला त्या चिंचेखाली नाचायला पाठवू का?

मंडळी, अल्लीपूरकडच्या संगीत आणि हस्तकलेच्या जत्रेतून आत्ताच घरी आले.

दरवर्षी शेतातल्या चिंचेपासून लांब स्टेज बांधतात, कारण झाडावर आग्या मोहोळ असतं. यंदा ऊन फार, म्हणून स्टेज थेट चिंचेखाली. स्पीकर तर फांदीलाच बांधलेत!

मी माझ्या स्टॉलवर गोधड्या मांडत होते. ढोलकीची थाप पडली आणि वरचं काळं मोहोळ सळसळलं. पुन्हा थाप, पुन्हा सळसळ. खाली लोक टाळ्या वाजवत होते.

आयोजक भाऊंना हाताला धरून दाखवलं, तर ते हसले. "ताई, काऊन भेऊन राह्यल्या? इतक्या वर्षांत कोणाले चावलं काय? उद्या तं अजून दोन स्पीकर येऊन राह्यले."

अहो, इतक्या वर्षांत मोहोळाच्या तोंडाशी स्पीकर कोणी बांधला होता?

घरी येऊन गोधडी झटकली, तर घडीतून एक मधमाशी उडाली.

आतल्या खोलीत लेक उद्याच्या नाचाची तालीम करतेय. नाचात शाळेच्या सगळ्याच पोरी आहेत. एकटीला घरी ठेवून बाकीच्यांचं काय?

तुमची पोरगी त्यात असेल, तर उद्या पोचल्यावर आधी वर बघा.