आत्याने दाबून पाहिलेले बूट

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो, तो सखुआत्याच्या मजुरीच्या पैशांवर. आज सकाळी इंदिरानगरच्या घरी बुटांना पॉलिश करताना त्या वासाने, आत्यासोबत गेलो होतो ते बुटांचं जुनं दुकान आठवलं. शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी मी स्वस्तातले बूट उचलले होते. लासलगावला कांदे निवडणाऱ्या आत्याने, कांद्याची मान दाबून बघावी तशी, त्यांची टाच अंगठ्याने दाबली. टाच खचली.

“हे नाय टिकायचे. चामड्याचे दाखवा.”

“आत्या, तुझ्या पायात टायरच्या चपला!” मी लाजून कुजबुजलो.

“मला कुठं मुलाखत द्यायची हाय?”

तेव्हा आत्याने घेऊन दिलेले, दोनदा तळ बदललेले तेच चामड्याचे बूट घालून आज मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो. तेव्हाच्या लाजेचं आता हसू येतं. तिथूनच तिला पत्र लिहिलं:

“आत्या, मी मुख्याध्यापक झालो. सोबत चामड्याच्या चपला पाठवतोय, चांगल्या महागातल्या. टाच दाबून बघ आणि घाल.”