चेहऱ्याचे सामान

तीन आठवड्यांच्या प्रवासाचे माझे कपडे एका पिशवीत सहज मावले. अडचण झाली ती चेहऱ्याच्या सामानाची. ते सगळे पलंगावर मांडून ठेवले तेव्हा नुसते पाहूनच मला थकवा आला. आधी लावायचे पातळ क्रीम, मग झाकणारे जाड क्रीम, त्यावरची पावडर, घामाने हे सारे ओघळू नये म्हणून मारायचा फवारा, स्पंज, ब्रश, उन्हासाठीचे वेगळे क्रीम, रात्री हे उतरवायला तेल, त्यानंतरचा फेसवॉश, आणि कापसाची गुंडाळी. इतके सामान बाळगणाऱ्या बाईला नटण्याची हौस असावी, असे कुणालाही वाटेल. कोलकात्याजवळ बराकपूरच्या आमच्या इमारतीत सर्वांना तसेच वाटत होते, आणि ते मी इतकी वर्षे वाटू दिले होते.

खरे कारण सांगून टाकते, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. माझ्या डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत, कोडाचा पांढरा डाग आहे. मुलाच्या जन्मानंतर तो उमटला, काही वर्षे पसरत गेला आणि मग आपल्या जागी थांबला. त्याचा त्रास म्हणावा असा काहीच नव्हता. डाग दिसू लागल्यावर पहिल्यांदा हळदीकुंकवाला निघाले, तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, काहीतरी लावून जा ना." त्या वाईट नव्हत्या. चारचौघींचे प्रश्न मला झेपणार नाहीत, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले होते. तेव्हापासून मी काहीतरी लावूनच घराबाहेर पडत आले.

पतींची नोकरी केंद्र सरकारची, बदल्यांची. प्रत्येक नव्या गावी मी नव्याने झाकलेलीच पोहोचले. डाग असलेला माझा चेहरा या गावांत पती आणि मुलगा या घरातल्या दोघांपलीकडे कुणी पाहिलेला नाही, ही गोष्ट हळूहळू एखाद्या व्रतासारखी होऊन बसली. का धरले ते आठवत नाही, पण मोडवतही नाही. शेवटची बदली कोलकात्याची झाली आणि इथल्या दमट हवेने त्या व्रताची परीक्षाच पाहिली. साधी भाजी आणायची तरी आरशासमोर पाऊण तास. बाहेर दाराशी चपला घालून उभे असलेले पती दर थोड्या वेळाने विचारत, "झालं का?" त्यात राग नसे, घाईसुद्धा नसे. ती त्यांची एक सवय झाली होती, जशी माझी ती तयारी.

इमारतीतल्या बंगाली शेजारणी मला "बोम्बेर बौदी" म्हणत, म्हणजे मुंबईची वहिनी. मी मूळची साताऱ्याची. पण मराठी बोलणारी बाई मुंबईचीच असते आणि मुंबईची बाई सिनेमातल्यासारखी नटते, याबद्दल इथे कुणाच्या मनात शंका नव्हती. घरात लग्न निघाले की मुली माझ्याकडे येत. "बौदी, तुमची त्वचा इतकी एकसारखी कशी? आम्हालाही करून द्या ना." मी त्यांना करून देत असे. हात सरावलेला होता, त्यामुळे बरे जमत असे. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला हा गैरसमज एखाद्या भिंतीसारखा सोयीचा होता.

प्रवास इमारतीतल्या मंडळींनी ठरवला होता. दुर्गापूजा आटोपली की बंगाली माणसाला घरात राहवत नाही. वीसेक जण, सोबत आपला स्वयंपाकी, त्याची भांडी, आणि उत्तर बंगालपासून सिक्कीमपर्यंतची डोंगरातली लहान लहान गावे. पतींना रजा मिळाली नाही. "तू जा," ते म्हणाले. "मी निवृत्त झालो की इथून कायमचे निघू. मग हे डोंगर राहूनच जातील." खालच्या मजल्यावरच्या मासिमांच्या खोलीत मला जागा मिळाली. मासिमा, म्हणजे सर्वांच्या मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, आवाजाने खणखणीत. त्या मला "बौमा", सूनबाई म्हणत.

सहल ठरवणाऱ्या दादांनी सर्वांना बजावले होते की प्रत्येकाने एकच बॅग घ्यावी, आणि तीही स्वतःला उचलता येईल अशी. डोंगरात हमाल नाहीत आणि पायऱ्या पुष्कळ. ही सूचना गंभीरपणे घेणारी मी एकटीच निघाले, हे सियालदह स्टेशनवर गेल्यावर कळले. मासिमांजवळ मुरमुऱ्यांचा डबा, गरम पाण्याची रबरी पिशवी, थर्मास, दोन माकडटोप्या आणि औषधांची एक स्वतंत्र बॅग होती.

तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी ते सामान कमी करायला बसले. पातळ क्रीम गाळले. फवारा गाळला, थंड हवेत घाम कुठला. तेल आणि फेसवॉश यांच्या जागी साबणाची एक वडी. पावडर औषधाच्या रिकाम्या बाटलीत. उन्हाचे क्रीम नळीतच होते, ते तसेच. राहिले ते झाकणारे जाड क्रीम. पुण्याहून माझी बहीण ते माझ्या वर्णाला जुळवून पाठवते, काचेच्या जड बरणीत. तीन आठवड्यांना पुरेल एवढे काढून घ्यायला लहान, घट्ट झाकणाची डबी हवी होती. आमच्या घरात तशी एकच जात असते. हिंगाची रिकामी पिवळी डबी आम्ही कधी टाकत नाही. तिच्यात पुढे टाचण्या, मोहरी, सुटी बटणे असे काय काय राहते. मी एक डबी गरम पाण्यात सोडा घालून घासली आणि दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवली. नाकाला लावून पाहिली. पतींच्या नाकालाही लावली.

"काही येतोय का वास?"

"छे. अगदी कोरी आहे."

जन्मभर रोज हिंगाची फोडणी घेतलेली दोन नाके. आमच्या पडद्यांना, उशांना, कदाचित आम्हालाही तो वास असेल. आम्हाला तो येणार कसा? हे तेव्हा सुचले नाही. मी डबी काठोकाठ भरली. पिशवी उचलून पाहिली तेव्हा ती खरोखर हलकी झाली होती, आणि त्या क्षणापुरते मला बरे वाटले.

गाडीत मी नेहमीसारखी उताणी झोपले. कुशीवर वळले तर क्रीम उशीला लागते, म्हणून प्रवासात मी कुशीवर झोपत नाही आणि त्यामुळे खरे म्हणजे झोपतच नाही. छताकडे पाहत पडून राहते. सकाळी चहावाल्यांची हाकाटी सुरू झाली तेव्हा गाल चाचपला. क्रीम ठिकठिकाणी उडाले होते. मासिमा अजून झोपेत होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून डबीचे झाकण उघडले.

"हिंगेर कोचुरी!" मासिमा एकदम उठून बसल्या. हिंग घातलेली उडदाची कचोरी हा इथल्या सकाळचा मोठा आनंद असतो. "कुठलं स्टेशन आलं? अगं बौमा, थांबव त्याला, पुढे जाईल तो!"

वरच्या बर्थवरून दादांचे डोके खाली आले. "कोचुरी? कोण विकतोय?"

"मला काय विचारतोस, खाली उतर आणि बघ. वास काय सुरेख येतोय!"

पलीकडच्या बाकावर इमारतीतल्याच एक काकू होत्या, सर्वांच्या काकीमा; त्याही जाग्या झाल्या. दादा उतरून डब्याच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि चहावाल्याशी हुज्जत घालून हात हलवत परतले. मी डबी ओढणीखाली धरून बसले होते. मला हसू येत नव्हते आणि रडूही येत नव्हते. तीस वर्षे घरात पाळलेली गोष्ट आता फोडणीच्या वासाने उघडी पडणार, एवढेच दिसत होते. झाकण घट्ट लावल्यावर वास ओसरला, आणि मासिमा बराच वेळ निघून गेलेल्या कचोरीबद्दल हळहळत राहिल्या.

त्या दिवशी जीपच्या प्रवासात मी ओढणी तोंडावर घेतली. धूळ आहे, असे म्हटले. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा ओढणीला बरेच क्रीम लागले होते. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली आली. मी कडी लावली आणि डबी पुन्हा उघडून पाहिली. बंद न्हाणीघरातल्या वाफेत तो वास एव्हाना मलाही येऊ लागला होता. तो गालावर घेऊन वीस जणांच्या पंगतीत बसायचे, की काही न लावता? दुसऱ्या गावात दुकान शोधायचे? माझ्या वर्णाचे क्रीम त्या डोंगरात कुठे मिळणार होते? पाणी निवत चालले. मला आठवते ते इतकेच, की धैर्य वगैरे काही वाटले नाही. मी फार दमले होते. साबण घेतला आणि तोंड धुतले.

बाहेर आले तेव्हा मासिमा माकडटोपी घालून, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पाहतच राहिल्या.

"श्वेती?" बंगालीत कोडाला असे म्हणतात, एखाद्या मुलीच्या नावासारखे.

"हो."

"कधीपासून?"

"मुलगा झाला तेव्हापासून."

त्यांनी पोटाशी धरलेली पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आणि आम्ही इकडे म्हणत होतो, बोम्बेर बौदी कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा नटून जाते." थोड्या वेळाने त्यांनी औषधांची बॅग ओढली, हे मला अपेक्षितच होते. होमिओपॅथीच्या बारीक बाटल्या निघाल्या. "मासे आणि दूध एकत्र खाल्लंस का कधी? त्यानंच होतं हे."

"मासिमा, मी मासे खातच नाही."

"मग त्यामुळेच झालं असणार," त्या ठामपणे म्हणाल्या आणि चार गोळ्या माझ्या तळहातावर टेकवल्या.

मी त्या खाल्ल्या. नको म्हणण्याचे त्राण नव्हते. बावचीचे तेल, आंबट बंद, पांढरे बंद, अमुक वाराचा उपास, हे सगळे माझे पूर्वीच करून झाले होते, आणि याच फेऱ्यातून सुटण्यासाठी तर मी झाकत राहिले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या वाटले, हे पुन्हा सुरू झाले. आता वीस जणांचे वीस उपाय.

झालेही तसेच. सकाळी न्याहारीला गेले तेव्हा बोलणे थांबले, मग जरा जास्तच मोठ्याने सुरू झाले. दादांनी माझ्या ताटात लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, वाढताना नजर लुच्यांवरच ठेवली. दुपारपर्यंत तीन वैद्यांचे पत्ते मिळाले. काकीमांनी कोणताच उपाय सांगितला नाही. पहिल्या दिवशी त्या माझ्या बाटलीतले पाणी मागून पीत होत्या. त्या दिवशी वाटेत थांबलो तिथे त्यांनी स्वतःची वेगळी बाटली विकत घेतली. थंडीत त्यांच्या मुलीचे लग्न होते आणि नवरीला मी सजवायचे ठरले होते. त्याविषयी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. हे सर्व होईल, हे मला तीस वर्षे माहीत होते. ते होताना मात्र कल्पनेपेक्षा लहान वाटले, आणि तरीही दुखले.

डोंगरातले ऊन त्या पांढऱ्या कातडीला सोसत नाही. उन्हाच्या क्रीमची नळी मी गाळली नव्हती, आणि साऱ्या सामानात तीच एक रोज उपयोगी पडली. मासिमांना ती पुरेशी वाटेना. त्यांनी आपली दुसरी माकडटोपी माझ्या डोक्यावर चढवली आणि गालाखाली ओढून बसवली. प्रवासाच्या सगळ्या फोटोंत मी तशीच आहे, तपकिरी लोकरीच्या चौकटीतून अर्धी दिसणारी. बर्फाच्छादित शिखर मागे आहे, पण लक्ष टोपीकडेच जाते.

या गोष्टीने माझ्यात काही मोठा बदल झाला, असे लिहिण्याचा मोह मी टाळते. घरी बरणी अजून आहे. ज्या दिवशी प्रश्न ऐकण्याची ताकद नसते, त्या दिवशी मी आरशासमोर बसते. काकीमांच्या मुलीच्या लग्नाला मी क्रीम लावून गेले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. नवरीला सजवायला कुणी दुसरी आली होती. तिचे काम चांगले होते.

परतीच्या गाडीने आम्ही सियालदहला उतरलो, ती कामावर येणाऱ्यांची वेळ होती. उपनगरांतून आलेली माणसे एका दिशेने लोटत होती आणि आम्ही त्यांच्या उलट. गर्दीतून पती आले. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग आजूबाजूच्या लोकांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"क्रीम संपलं?"

"नाही. डबी भरलेली आहे. उघडून वास घ्या."

त्यांनी तिथेच, फलाटावर, ती उघडली आणि नाकाला लावली. बराच वेळ हुंगून म्हणाले, "मला तर काही येत नाही." मग माझी पिशवी उचलली आणि जरा चकित होऊन हाताने तोलून पाहिली. 

बराकपूरची लोकल उलट दिशेची, त्यामुळे बसायला मिळाले. माझी नेहमीची जागा ठरलेली असते. डावी बाजू खिडकीकडे येईल अशी. ती जागा मासिमांच्या सामानाने व्यापली होती. मी समोरच्या बाकावर बसले. डावा गाल डब्याकडे आला. पलीकडे उभी असलेली एक तरुण मुलगी पाहू लागली, मग तिच्या शेजारची बाई. ओढणी खांद्यावर होती. ती वर घ्यावी असे मनात आले, पण हात उचलवेना. मी डोके बाजूला टेकवले, पतींच्या खांद्यावर. क्रीम लागेल ही भीती नव्हती. गाडी सुटली एवढे आठवते. बराकपूर आले तेव्हा त्यांनी मला हलवून उठवले.