मार्टिनकाकाचं लग्न

"तुम्ही सोलापूरच्या ना?" टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये निर्मलाकाकूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "नाही हो, नाशिकची." "पण सासर सोलापूरचं." "छे, सासर साताऱ्याचं." लिफ्ट वर पोचेपर्यंत माझं माहेर, सासर, नवऱ्याची कंपनी आणि धाकट्या दिराचं रखडलेलं लग्न, सगळं मी त्यांच्या हवाली केलं होतं. मी सोलापूरची नाही हे त्यांना लेकीकडून आधीच कळलं होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

काकूंनी मिरजेत वर्षानुवर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं होतं. काका गेल्यावर त्या अधूनमधून टोकियोला लेकीकडे, अश्विनीकडे, येऊन राहत. स्थळाची चौकशी करताना सरळ प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. "मुलगा कसा आहे विचारलं, तर शेजारी म्हणणार, चांगला आहे. त्यातून काय कळणार, कपाळ? त्यापेक्षा म्हणायचं, तुमच्या शेजारचे ते डॉक्टर. लगेच सांगतात, कसला डॉक्टर, औषधाच्या दुकानात आहे, आणि तिथेही टिकला तर नशीब. चूक दुरुस्त करायला माणूस भरल्या ताटावरून उठून येतो." इमारतीच्या कचऱ्यावर करडी नजर ठेवणाऱ्या यामादा-सान यांच्याशीही त्यांनी अशीच ओळख करून घेतली. प्लास्टिकचा कचरा न्यायच्या दिवशी मुद्दाम काचेच्या बाटल्या ठेवल्या. ते समजावून सांगायला आले आणि आल्याचा चहा पिऊन गेले.

जावई ब्रेंडन मूळचा आयरिश, वाढलेला लंडनमध्ये. काकू त्याला 'ब्रेंडनराव' म्हणत, तो त्यांना 'आई'. बाप एकुलता एक, हाही एकुलता एक, आईवडील दोघंही गेलेले. आजी ब्रिजिट तरुणपणी आयर्लंडमधलं गाव सोडून आली ती माहेराबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. काकूंच्या नातीनं, तारानं, शाळेसाठी घराण्याचा तक्ता काढला, तेव्हा आईकडच्या बाजूला कागदाला कागद जोडावा लागला आणि बाबाकडची बाजू कोरी राहिली. "बाबाची माणसं कुठे गेली?" तिनं विचारलं. ब्रेंडन भांडी घासायला गेला.

इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून भरायचा एक वंशवृक्ष असतो. लांबलांबचे नातेवाईक आपल्याकडची नावं आणि चर्चमधल्या नोंदी त्यात टाकतात. तिथे ब्रेंडनला आजीच्या गावचं, तिच्याच माहेरच्या आडनावाचं एक कुटुंब सापडलं. नोरा नावाच्या वयस्कर बाईंनी ते भरलं होतं, पण त्यात ब्रिजिट नव्हती. त्यानं नोराबाईंना फार अदबीनं पत्रं लिहिली. एकालाही उत्तर आलं नाही. काकूंनी ती पत्रं अश्विनीकडून मराठीत ऐकली आणि मान हलवली. "ब्रेंडनराव, इतकं गोड लिहिलं की माणसं घाबरतात. त्यांना वाटतं, हा जमिनीत वाटा मागायला आला."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर काकू माझ्याकडे आल्या. "लॅपटॉप उघड गं. एक लग्न लावायचंय." ब्रेंडनचा पासवर्ड अश्विनीनं गुपचूप दिला होता. नोराबाईंच्या वडिलांना मार्टिन नावाचा थोरला भाऊ होता आणि त्याच्या नावापुढे बायकोची जागा रिकामी होती. काकूंनी सांगितलं आणि मी टाइप केलं: पत्नी मेरी, शेजारच्या गावची. "दोन मुलंही घाल," काकू म्हणाल्या, पण तेवढी माझी छाती झाली नाही. संध्याकाळी ब्रेंडनला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. "आई, हे खोटं आहे."

"खोटं नाही, चौकशी आहे," काकू म्हणाल्या.

सकाळी उत्तर हजर. नोराबाई भयंकर संतापल्या होत्या. मार्टिनकाकानं जन्मात लग्न केलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याच्या बहिणीनं दुसऱ्या पंथातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून बापानं तिला घराबाहेर काढलं आणि तिचं नावसुद्धा घ्यायची बंदी केली. 'ती परत येईपर्यंत या घरात माझीही बायको येणार नाही' असं मार्टिननं बापाला सांगितलं आणि तो तसाच म्हातारा होऊन गेला. बहिणीचं नाव ब्रिजिट. मेरीबिरी कोणी नव्हती, तरी ते ताबडतोब काढून टाकावं.

ब्रेंडननं उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच फरशीवर बसला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माणसं चांगली आहेत हो तुमची. भांडतात व्यवस्थित."

मग जुने फोटो जुळले, व्हिडिओ कॉलवर रडून झालं. पण खरं मेतकूट जमलं ते काकूंचं आणि नोराबाईंचं. दर रविवारी संध्याकाळी अश्विनीला दुभाषी करून दोघी गाई, सुना आणि गुडघे यांवर बोलत. काकूंनी आपली युक्ती कबूल केली तेव्हा नोराबाई खोकला येईस्तोवर हसल्या. "ही मी लक्षात ठेवीन," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काकू मिरजेला गेल्या आणि तिथेच एका दुपारी झोपेत गेल्या. नोराबाईंचं सांत्वनाचं पत्र आलं, आणि मग रविवार ओस पडले. ब्रेंडन फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. "त्या आईंशी बोलायच्या. आता त्यांना कशाला त्रास?" सापडलेली माणसं पुन्हा हरवणार, अशी मला भीती वाटायला लागली. काकूंची फार आठवण यायची. लिफ्टमध्ये आता कुणीच काही चुकीचं विचारत नव्हतं.

परवा संध्याकाळी अश्विनी फोन घेऊन दारात उभी, चेहरा लालबुंद. "हे बघ. वंशवृक्षात कुणीतरी आईचं लग्न लावलंय, मार्टिनकाकाशी. आणि आमच्या बाबांनी काय करायचं?" मागून ब्रेंडन आला. त्यानं वाचलं आणि तो हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला. माझ्या दारातूनच त्यानं आयर्लंडला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. "किती रे उशीर," नोराबाई म्हणाल्या. "मी कालपासून फोनपाशी बसलेय."

ती नोंद अजून तशीच आहे. अश्विनी रोज म्हणते, काढून टाकते. ब्रेंडन काढू देत नाही. म्हणतो, "राहू दे. ब्रिजिट घरी आली ना? आता मार्टिनकाकाच्या लग्नाला कुणाची हरकत आहे?"