भात कुणाच्या हातचा

"उठ."

घास तोंडात होता. गिळलाबी नव्हता. रावसाहेब दारात उभा. डोक्याला फेटा, हातात काठी, पायात करकर वाजणारा जोडा.

"उठ म्हणतो न्हवं! कातवड्याची जात अन् माणसांच्या बाकड्यावर बसती? मोरीपाशी बस जा."

अन् मी उठले. खोटं कशाला सांगू? घास तसाच गालात धरून उठले. एकोणीस वर्सांची होते, अंगात रग होती, पण पाय आपसूक उठले. आमच्या कातकऱ्यांच्या वाडीवर पायांना तेवढंच शिकवलेलं. कुणी आलं की उठायचं.

"बाकडं धू," तो म्हणाला. "अन् गोमूत्र शिंपड त्याच्यावर."

शेजारच्या गोठ्यातनं गोमूत्रबी मीच आणलं. माझा हात लागलेलं गोमूत्र शुद्ध, अन् मी अशुद्ध. आता काय बोलायचं! माझ्याच बुडाचा विटाळ मीच धुतला. आज म्हातारी झाले, पण आठवलं की कानशिलं तापतात.

ही जागा म्हंजे लोणावळ्याच्या बाजारामागची जपान्याची खानावळ. लढाईच्या आधीची गोष्ट. मुंबईच्या कापूसवाल्या जपानी साहेबाबरोबर हा म्हातारा त्याचा आचारी म्हणून आलता. साहेब मायदेशी गेला, हा हितंच राहिला. रावसाहेबाची एक खोली भाड्यानं घेतली, मधी एक लांब फळी टाकली, पुढं बाकडं. फळीच्या पल्याड हा उभा राहून हातानं भाताचे मुटके वळायचा, वर माशाची कापटी ठेवायचा अन् गिऱ्हाइकापुढं मांडायचा. 'सुशी' म्हणायचा त्याला. रेल्वेचे गार्ड यायचे, पारशी यायचे, बंगल्यांवरचे मुंबईकर यायचे.

मी तितं वांब विकायला गेलते. आमची वाडी औंढे गावाच्या वरच्या अंगाला. वढ्यात दगडाखाली हात घालून वांब धरायची, हे आमचं काम. सापासारखा लांब मासा तो. बाजारात पाटी उतरवली की बाया किंचाळायच्या, "सापं खाणारी आली गं!" ह्या म्हाताऱ्यानं मात्र पाटीत डोकावलं अन् त्याचे डोळेच भरून आले. त्याच्या गावाकडं वांब म्हंजे लय मोठी चैन. त्यानं तिथल्या तिथं ती चिरली, निखाऱ्यावर भाजली, भातावर ठेवली अन् पहिला मुटका माझ्यापुढं धरला.

मी काय केलं आसंल? खाली उकिडवी बसले, दोन्ही हातांची ओंजळ केली अन् मान वर करून वाट बघत राहिले. आमाला कुणी द्यायचं तर वरनंच टाकायचं, पाणी असू द्या का भाकर. दुसरी रीतच ठावं नव्हती. म्हाताऱ्याला वाटलं, ह्यांच्यात आसंच खात आसतील. तर तोबी फळीच्या अल्याड आला, माझ्यासमोर उकिडवा बसला, अन् मुटका माझ्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं माझ्या हाताला लागली. मी दचकले. तो न्हाई दचकला.

मग मी तितंच कामाला राहिले. भाताचं काम त्यानं मला दिलं. आंबेमोहोर सात पाण्यांनी धुवायचा, मापात शिजवायचा, गरम गरम लाकडी काठवटीत उपसायचा. त्यावर साखर-मीठ घातलेला आंबट शिर्का शिंपडायचा, एका हातानं पंखा अन् दुसऱ्या हातानं उलथनं. दाणा मोडता कामा नये. साधायला सहा म्हैनं लागले. साधला तवा म्हातारा मोडक्या हिंदीत म्हणाला, "अब चावल तुम्हारा." त्याची एक रीत होती. भात ज्यानं केला त्यानं दुकान उघडायच्या आधी फळीपुढं बसून पहिला मुटका खायचा. बरा आसंल तरच गिऱ्हाइकाला. म्हणून मी रोज सकाळी त्या बाकड्यावर बसायची.

त्या ऐतवारी रावसाहेब येळंच्या आधी आला, मुंबईच्या दोन पावण्यांना घेऊन. बाकीचं सांगितलंच. खोली रावसाहेबाची. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली अन् हळूच म्हणाला, "पीछे बैठो." रावसाहेबाच्या शिवीपरीस ते जास्त लागलं.

मी मोरीपाशी जाऊन बसले. वलं फडकं हातात. रावसाहेब धुतल्या बाकड्यावर पावण्यांना घेऊन बसला. एक मुटका खाल्ला, दुसरा खाल्ला. डोळे मिटून मान हलवली.

"बघा," तो पावण्यांना म्हणाला, "शेत माझं, तांदूळ माझा, पण असा भात माझ्या घरात होत न्हाई. जपान्याच्या हाताला देवानं चव दिलीय."

तो गप खाऊन गेला आसता तर मीबी गप बसले आसते. ती सवयच होती. पण माझ्या हाताला शिव्या अन् माझ्याच हाताच्या चवीला शाबासकी, हे एका तोंडानं? माझं डोकं फिरलं. फडकं टाकलं अन् फळीपाशी गेले.

"रावसाहेब, भात मी केलाय."

"काय?"

"भात मी शिजवलाय. ह्या हातांनी. आजचाबी, गेल्या ऐतवारचाबी. वरीस झालं, तुमी माझ्याच हातचं खाताय. आता तुमी बाटला, का मी शुद्ध हाय, ते एकदाचं ठरवा."

एक पावणा फिस्सकन हसला. रावसाहेबाचं तोंड काळंनिळं झालं. हातातला मुटका तसाच हातात. तो म्हाताऱ्यावर वरडला, "खोटं बोलतीय ना ही? सांग! झूट है ना?"

म्हाताऱ्यानं नुसती 'व्हय' म्हणून मान हलवली आसती तर भागलं आसतं. रावसाहेबाला तेच पायजे होतं. खानावळ वाचली आसती. मला मात्र तितनं बाहेरच जावं लागलं आसतं.

त्यानं सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"चावल इसका," तो म्हणाला. "मेरा सिर्फ मछली."

मग त्यानं एक मुटका वळला, रावसाहेबाच्या शेजारच्या मोकळ्या जागेपुढं ठेवला अन् मला म्हणाला, "बैठो."

बसले. रावसाहेब ताडकन उठला अन् मोरीपाशी जाऊन घशात बोटं घालायला लागला. तो तिकडं वकत होता, मी हितं खात होते. लय ग्वाड लागला तो घास, का खोटं बोलू.

म्हैन्याच्या आत रावसाहेबानं खोली रिकामी करून घेतली. म्हातारा सुऱ्यांचं गाठोडं काखेत मारून मुंबईच्या गाडीत बसला. परत काय दिसला न्हाई. आय म्हणाली, "जिभेला हाड हाय का तुझ्या? चांगल्या माणसाचं वाटोळं केलंस!" त्याचं मला लय वाईट वाटतं, अजून वाटतं. पण गप बसायला पायजे होतं, असं कधी वाटलं न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात रावसाहेबाचा दिवाणजी चढ चढून वाडीवर आला. धापा टाकत होता. मालकाच्या घरी मुंबईचे पावणे यायचे होते, अन् त्यांना तोच भात पायजे होता.

"मागल्या दारानं ये," दिवाणजी म्हणाला. "पडवीत चूल मांडून देतो. कुणाला कळायचं न्हाई."

आय लगबगीनं लुगडं सावरत उठली, जणू तिलाच बोलावलंय. घरात दाणा नव्हता. मी तिला खाली बसवलं.

"येते की," मी म्हणाले. "म्होरल्या दारानं येते. भात करीन, अन् पंगतीत रावसाहेबाच्या शेजारी माझं पान मांडा. पावण्यांच्या देखत."

"डोकं फिरलंय का गं तुझं?"

"व्हय, फिरलंय. जाऊन सांगा रावसाहेबाला."

तो आल्या पावली उतरला. आय दोन दिस माझ्याशी बोलली न्हाई. तिसऱ्या दिशी आमी दोघी कंद उकरायला डोंगरात गेलो, तेच खाल्लं. पुढंबी लय जणांनी बोलावलं, मागल्या दारानंच. समद्यांना एकच सांगत आले. चूल मी पेटवली तर पंगतीतलं एक पान माझं. ते मांडायचं नसंल तर आपला तांदूळ कच्चा चावा.