गोटमारीचं विलायती चित्र

पांढुर्ण्याला माझ्या मुलीच्या सासरी, बैठकीच्या खोलीत, एक काळंपांढरं चित्र टांगलेलं आहे. मधून नदी वाहते. नदीच्या मधोमध एक उंच खांब आणि त्याच्या टोकाला फडकं. दोन्ही काठांवर माणसांची दाटी, सगळ्यांचे हात वर. मागे झाडीतून टोकदार शिखर डोकावतं. पांढुर्ण्याचा कोणीही माणूस ते पाहून एकच शब्द बोलतो: गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव अशी दगडांची झुंज होते. चित्रात सगळं तसंच दिसतं. पण ती नदी इंग्लंडातली आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. तरुणपणी नागपूरला शिकत असताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे हे चित्र मिळालं. कोणत्या तरी फाटक्या इंग्रजी ग्रंथातून त्याने ते सोडवून ठेवलं होतं. मी ते उन्हाकडे धरलं आणि तिथेच उभा राहिलो. रंगाचा एक ठिपका नाही, नुसत्या रेघा. पाण्याला आडव्या, ढगांना विरळ, झाडांच्या सावलीत एकमेकींना छेदणाऱ्या. त्या काळी विलायतेत कारागीर तांब्याच्या पत्र्यावर एकेक रेघ कोरायचे, खाचांत शाई भरायचे, वरची पुसून टाकायचे आणि ओलसर कागद त्यावर दाबून ठसा घ्यायचे. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर राहतो. बोट फिरवलं की अजून लागतो.

चित्राखाली एक ओळ होती. डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, मध्ये मजकूर: अमुक नदीत रुतलेली नाव आणि तिला दोर टाकणारे गावकरी. खाली अठराव्या शतकाच्या अखेरचं साल. म्हणजे खांब ही नावेची डोलकाठी, फडकं हे तिचं निशाण, आणि हात वर करून लोक फेकत होते ते दोर. मागचं शिखर चर्चचं.

मुलीचं साक्षगंध ठरलं तेव्हा इवायांना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, काही तरी वेगळं द्यावं असं मनात आलं. पांढुर्ण्यात त्यांचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा गावाच्या जुन्या गोष्टींत. घरात सागवानी चौकट तयार पडली होती. चित्र तिच्यात दोन बोटं जास्त होत होतं. मी पट्टी ठेवली, पातं फिरवलं आणि खालची ओळ कापून टाकली. तेव्हा मनात काही पाप नव्हतं. चौकट वाया जाऊ नये, एवढंच.

साक्षगंधाच्या मांडवात इवायांनी कागद सोडला. "हे कोठचं आहे जी, मास्तर?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "थांबा, सांगू नका. ही आपली जाम नदी. हा झेंडा. हे आपले लोक, हे सावरगावचे. आणि मागं देवीचं शिखर. बराबर?"

सगळा मांडव गोळा झाला. कोणी तर आपल्या पणज्याला ओळखलं. आमच्याकडे मुलीचा बाप इवायाच्या शब्दाला शब्द लावत नाही, मांडवात तर नाहीच. मी म्हणालो, "बराबर."

तेवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण लग्नानंतर काही वर्षांनी मुलगी माहेरी आली आणि हसत म्हणाली, "बाबा, गोटमारीत टोप्या घालून कोण जाते?" काच मळली असेल, साफ करून देतो, असं सांगून मी चित्र मागवून घेतलं. बारीक कुंचला घेऊन बसलो आणि दोन्ही काठांवरच्या तिकोनी टोप्यांना लाल जलरंग लावला. झाले फेटे. चित्र परत गेलं तेव्हा मुलीने विचारलं, "रंगवलं का?"

"उजळवलं," मी म्हणालो.

पुढे पांढुर्णा जिल्हा झाला. इवायांनी गावाच्या गोष्टींचं पुस्तक लिहायला घेतलं. एका शनिवारी सकाळी ते गाडी घेऊन दारात आले. "चला इवाई, जामसावळीले जाऊ. मुखपृष्ठ आलं. मारुतीच्या पायाशी ठेवतो, मंग छापायले देतो."

गाडीत त्यांनी मुखपृष्ठ माझ्या मांडीवर ठेवलं. तेच चित्र. वर पुस्तकाचं नाव, खाली "पांढुर्ण्याची प्राचीन गोटमार". रस्ताभर मी संत्र्याच्या बागा पाहत राहिलो. देवळासमोर नारळ घेताना त्यांनी मुखपृष्ठ पिशवीतून काढलं आणि मी त्यांचा हात धरला.

"हे देवापुढं नका ठेवू."

"काहून?"

तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी, मी सांगून टाकलं. नाव, दोर, कापलेली ओळ, फेटे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ऊन लागलं काय तुम्हाले?"

"खरं सांगून राहिलो."

"पुरावा दाखवा. ओळ कोठं आहे?"

ओळ चुलीत कधीच गेली होती. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आता खऱ्याला आधार नव्हता. दर्शन न घेताच आम्ही पांढुर्ण्याला आलो. मुलगी त्या घरात नांदत होती, आणि मला तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

चित्र भिंतीवरून उतरवलं, चौकट खोलली. इहीनबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, कापूस आणि वाटीत पाणी आणून दिलं. मी ओला बोळा हलकेच टेकवत गेलो. लाल रंग कापसात उतरला आणि खालून टोप्या निघाल्या, तिन्ही कोपऱ्यांसकट, जरा गुलाबी.

इवायांनी भिंग घेतलं. टोप्यांवर त्यांचा अजून विश्वास नव्हता. नजर अंगरख्यांवर गेली. कापडवाल्याची नजर ती. एका माणसावरून दुसऱ्यावर भिंग सरकत गेलं.

"याले बटणं आहेत," ते हळूच म्हणाले. "याले पण. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणं. गोटमारीत हा माणूस काय सोयरिकीले आला होता?"

इहीनबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "तीस वर्सं पाहुण्यायले सांगून राहिले, हा आमचा पणजा. चांगला साहेब निघाला पणजा."

इवाई हसले नाहीत. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "त्या कोरणाऱ्याचं नाव काय होतं?"

मला आठवेना. खूप ताण दिला, पण नाही आठवलं. शाळेत पोरांना चित्राखाली सही करायला लावणारा मी.

"कापडाच्या थानावरची छाप कापून माल विकला तर आमच्या बाजारात त्याले चोरी म्हणतात," ते म्हणाले. एवढंच. मांडवातल्या त्या "बराबर"बद्दल, फेट्यांबद्दल, काही नाही. मग बराच वेळ त्या रेघांवरून भिंग फिरवत राहिले. "पण हात काय होता गड्याचा. पाणी पाहा, वाहून राहिलं."

जेवायला बसलो तेव्हा निकाल लागला. चित्र भिंतीवरच राहील, खाली खरा मजकूर लिहून. मुखपृष्ठ मी काढून द्यायचं, खऱ्या गोटमारीचं. आणि पुस्तकात एक प्रकरण माझं, सगळं सांगणारं, टोप्यांसकट.

"लोक तुम्हाला हसतील," मी म्हणालो.

"मले एक दिवस हसतील. तुम्हाले जन्मभर. वाढा वं, इवायाले आणखी एक पोळी वाढा."

हेच ते प्रकरण. त्या कारागिराचं नाव मी देऊ शकत नाही, कारण ते मीच कापलं. कोणाला हे चित्र इतर कुठे पूर्ण सापडलं तर कृपा करून कळवावं.

मुखपृष्ठासाठी हल्ली सकाळी जाम नदीच्या काठावर बसतो. पाण्याला रेघा जमू लागल्या आहेत. पलीकडून सावरगावचे लोक ओरडून सांगतात, "मास्तर, आमच्या काठावरून काढा, नाही तं आम्ही लहान दिसू." इवाई छत्री धरून मागे उभे असतात. परवा चित्र पुरं होत आलं तेव्हा मी खालच्या कडेला सही करू लागलो. त्यांनी छत्रीच्या टोकाने माझा हात वर सरकवला.

"तिथं नाही. आत टाका, पाण्यात. पट्टी ठेवून कोणाले कापता नाही आलं पाहिजे."