कोहळ्याचा पहिला काप

अमरावतीत शेजारच्या मुली हॅलोविनसाठी लाल भोपळा, म्हणजे आमचं कोहळं, कोरत होत्या. "काकू, आज मेलेले घरी येतात म्हणे!" गराच्या ओल्या वासानं मला दर्यापूरच्या घरी नेलं, बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या सर्वपित्री अमावस्येला.

पितरांच्या स्वयंपाकात कोहळं हवंच, आणि त्याला पहिला काप पुरुषानंच द्यायचा. तो नेहमी बाबा देत. आईनं सुरा उचलला तशी आत्या ओरडली, "वयनी, बाईनं कोहळं फोडू नये!"

"मंग कोन फोडीन? फोडनारे तं आज जेवाले येऊन राह्यले."

सुरा सालीतच अडकला. आईनं अंगाचा भार टाकला. "इतकं कडक असते हे! त्याईनं कधी सांगतलं नाई."

प्रथेच्या भीतीनं मी हात मागेच ठेवले. आता आईही गेली. आठवणीत ती अजून एकटीच सुरा रेटते आहे.